पहाटे साडेचारचा प्रभू

पहाटे साडेचारला स्मोक अलार्म त्या आठवड्यात तिसऱ्यांदा कोकलला, तेव्हा मी उशी डोक्यावर धरूनच हॉलमध्ये गेलो. खुर्चीवर सहा फुटी गोरा इंग्रज धोतर सावरत उभा. डोक्याचा गोटा, मागे शेंडी, कपाळावर गोपीचंदनाचा ओला टिळा. एका हातात धूप आणि दुसऱ्या हाताने टॉवेल हलवत तो अलार्मला वारा घालत होता. आरती देवाची चाललीय की अलार्मची, कळेना.

“हरे कृष्ण, प्रभू. सॉरी.”

प्रभू म्हणजे मी. हरे कृष्णवाल्यांत एकमेकांना तसंच म्हणतात. भांडायला तोंड उघडावं तर समोरून ‘प्रभू’ येतं. मग काय भांडणार, कप्पाळ?

ही २००९ची गोष्ट. मी लंडनजवळ वॉटफर्डला शिकत होतो आणि एकट्याला भाडं झेपत नव्हतं, म्हणून हा रूममेट. हा तेवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शनिवार रात्र पबमध्ये काढायचा, असं तोच सांगे. मग लंडनच्या रस्त्यात कुणीतरी हातात गीता ठेवली आणि एका रविवारी हा फुकट जेवण मिळतं म्हणून जवळच्या लेचमोर हीथच्या कृष्णमंदिरात गेला. जेवण त्याला फारच मानवलं.

दारू नाही, सिगारेट नाही, शुद्ध शाकाहारी. रूममेट म्हणून आईला सांगायला याहून चांगलं स्थळ मिळालं नसतं. त्याचे नियम चार: मांस-मासे-अंडी नाही, जुगार नाही, लग्नाबाहेर भानगड नाही, नशा नाही. चारही नियम मी पैशाअभावी पाळतच होतो. पण नशेत चहा मोडतो, हे करारावर सही केल्यावर कळलं. कांदा-लसूणही बाद. कांदेपोह्यांतला कांदा गेला की जे उरतं त्याला आमच्या घरी आजारपण म्हणतात. शेवटी मी खिडकी उघडून, अर्धा बाहेर लोंबकळत, पोरं बिडी ओढतात तसा चहा प्यायला लागलो.

रोज सोळा माळा, म्हणजे १७२८ वेळा महामंत्र. गोमुखीत हात घालून हा घरभर फिरायचा. जपाला तर्जनी चालत नाही, म्हणून ती पिशवीच्या भोकातून बाहेर, आणि नेमकी माझ्याकडे रोखलेली. आंघोळ न करता ब्रेड खाताना ती फार लागायची.

त्याचंही सोपं नव्हतं म्हणा. सुपरमार्केटात कामावर जाताना टिळा ठेवू की पुसू, यावर रोज आरशासमोर दहा मिनिटं जायची. जुने मित्र वाढदिवसाला बोलवत, ते रात्री सगळ्यांना गाडीतून घरी सोडणारा एक शुद्धीवरचा माणूस हवा म्हणून.

एका एकादशीला मात्र मी ठरवलं की याला दाखवूच. “आमचे आजोबा पंढरीचे वारकरी!” असं बजावून मी भगर केली. त्याने पाकीट उचललं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, “प्रभू, हे धान्य आहे ना? एकादशीला धान्य चालत नाही.” आमच्या तीन पिढ्यांच्या एकादश्या त्या पाकिटावर मोडल्या.

मग एका रविवारी त्याची आई आली, केक घेऊन. तो केकला हात लावेना. म्हाताऱ्या बाईंचं तोंड एवढंसं झालं, म्हणून मीच तीन तुकडे खाल्ले. त्या माझ्यापाशी मन मोकळं करू लागल्या. “माझ्या खोलीत बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा फोटो होता रे! आणि त्यानेच १९७३ साली तो मंदिराचा बंगला या लोकांना दिला.” मग माझ्या कपाकडे बोट दाखवून लेकाला म्हणाल्या, “हा जन्माचा हिंदू आहे. बघ, कसा माणसासारखा चहा पितोय!”

तेवढ्यात स्काइपवर माझी आई आली. मागे जप करणारा प्रभू तिला दिसला.

“बघ! गोरा असून किती करतो. तुला अथर्वशीर्ष तरी धड येतं का?”

“काय म्हणतायत?” बाईंनी विचारलं.

“तुमचा मुलगा फार आवडला म्हणतायत.”

“मग घेऊन जा म्हणावं.”

“काय म्हणतात रे त्या?” इकडून आई.

“केक खा म्हणतायत.”

“अंडं नाही ना त्यात?”

मागचा जप थांबला. पिशवीतली तर्जनी हळूच माझ्याकडे वळली.