डोळे-त्वचेला कायदाच नाही? असं नाहीये

ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय की अवयवदानाचा कायदा फक्त किडनी-लिव्हरचा आहे, कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा), त्वचा, हाडं यांना काही नियमच नाहीत, कोणीही काढा, कोणीही विका. अहो, 1994 चा मूळ कायदा नावाने अवयवांचाच होता, पण 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि कायद्याच्या नावातच ऊती, म्हणजे टिश्यू (कॉर्निया, त्वचा, हाडं यातच येतात), हा शब्द आला, आणि 2014 ला नवीन नियमही आले. आता टिश्यू बँकेला, म्हणजे दान केलेल्या ऊती साठवणाऱ्या संस्थेला, रजिस्ट्रेशन लागतं. टिश्यूचा पैशासाठी धंदा केला तर 1 ते 3 वर्षं कैद आणि 5 ते 25 लाख दंड, हे काय कमी आहे का? हां, रक्त मात्र या व्याख्येत नाही, ते वेगळ्या नियमांत येतं, बहुतेक तिथूनच हा घोळ झाला असावा.

आणि "तपासणी न करताच डोळे बसवतात" हेही चूक, आय बँक (नेत्रपेढी) दात्याचं रक्त घेऊन एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस तपासते. कॉर्निया काढायला प्रशिक्षित टेक्निशियन चालतो, दरवेळी डॉक्टरच लागतो असं नाही, म्हणून तर टीम घरी येऊ शकते.