ब्लॅक बॉक्स सापडला म्हणजे तपास संपला?

मोठा विमान अपघात झाला की एक संदेश हमखास फिरू लागतो. ब्लॅक बॉक्स हाती आला की दोन दिवसांत कारण कळते, तरी वर्षभर वेळ काढतात तो कंपन्यांना वाचवण्यासाठी. शेवटी खापर वैमानिकाच्या माथी फोडतात आणि अहवाल धूळ खात पडतो, असा त्याचा आशय असतो.

यातला पहिला दावा सर्वांत पटण्याजोगा वाटतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. ब्लॅक बॉक्स (जो प्रत्यक्षात भडक नारिंगी असतो) काय घडले ते सांगतो. का घडले ते सांगेलच असे नाही. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेले ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७७७ लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरत असताना सुमारे ७०० फुटांवर दोन्ही इंजिनांची शक्ती वाढेना, आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच गवतावर आदळले. सुदैवाने कोणी दगावले नाही. इंधनाच्या झडपा पूर्ण उघडल्या होत्या, टाकीत पुरेसे इंधन होते, तरी ते इंजिनापर्यंत पोहोचत नव्हते, एवढे नोंदींवरून स्पष्ट झाले. पण सुटे भाग तपासले तर कुठेच बिघाड सापडेना. कारण अडथळा बर्फाचा होता आणि तो केव्हाच वितळून गेला होता! थंड इंधनात पाणी सोडून दीर्घकाळ चाचण्या घेतल्यावर उलगडा झाला : नळ्यांच्या आत साचलेला बर्फ इंधनाचा वेग वाढताच सुटतो आणि गरम तेलाने इंधन तापवणाऱ्या उपकरणाच्या तोंडाशी जाऊन अडकतो. त्या उपकरणाच्या बारीक नळ्यांची टोके किंचित पुढे आलेली होती. नव्या रचनेत ती सपाट केली गेली. अंतिम अहवाल फेब्रुवारी २०१० मध्ये आला. ही दोन वर्षे लपवाछपवीत गेली असे म्हणणे अवघड आहे.

शिवाय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ नुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो, आणि विमानाची नोंदणी, रचना व निर्मिती करणाऱ्या देशांचे प्रतिनिधीही तपासात बसतात. काही देश या मुदती पाळत नाहीत, हे खरे. त्यांना जाब विचारलाच पाहिजे.

वैमानिकाच्या माथी खापर? दोष ठरवणे हा तपासाचा हेतूच नाही, असे तेच परिशिष्ट बजावते. शिक्षा आणि भरपाई हे न्यायालयाचे काम. १९९१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळ बोईंग ७३७ कोसळले तेव्हा अमेरिकी तपास मंडळाने ठोस कारण सापडले नसल्याचे मान्य केले, सोयीचा बळी शोधला नाही. १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ तशाच प्रकारे दुसरे ७३७ पडले. त्या तपासात शेपटीवरील सुकाणूची झडप अडकून सुकाणू उलट दिशेला वळू शकते असे दिसले, आणि मंडळाने २००१ मध्ये पहिला अहवाल सुधारून घेतला.

अहवाल धूळ खातात, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. तपास यंत्रणा शिफारस करते, सक्ती करू शकत नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचे बोईंग ७४७ टाकीतील इंधनवाफेच्या स्फोटाने फुटले. अशी वाफ पेटू नये म्हणून टाकीत व्यवस्था बसवण्याचा नियम अमेरिकेच्या नियामकाने २००८ मध्ये केला. जाब विचारायचा तर तो या विलंबाबद्दल नियामकांना विचारावा.