‘आधी दोन-चार वर्षं डीएम म्हणून बसा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, आणि डीएम (डंजन मास्टर) गोष्ट सांगतो व बाकीचं जग सांभाळतो. त्यातल्या पात्राला सरदारकी द्यायची असेल तर त्याची परीक्षा कशी घ्यावी, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. तीन परीक्षा दिल्या होत्या: रात्रीचा पहारा, दान आणि एक दिवसाचा निवाडा. त्यावर वाशीच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही गाळलं असं कुणाला वाटायला नको.

“तिन्ही परीक्षांचं उत्तर खेळाडूला आधीच माहीत असतं. मग ती परीक्षा कसली, नाटक झालं. दुसऱ्या परीक्षेत पाचव्या लेव्हलला १०,००० सोन्याची नाणी मागता, म्हणजे सरदारकी विकतच घ्यायची. जुन्या नियमांत फायटर नवव्या लेव्हलला आपोआप लॉर्ड व्हायचा, तेव्हा कुणी परीक्षा घेत नव्हतं. आणि पाचातला एक जण परीक्षा देत असताना बाकीचे चौघे अडीच तास काय करणार? भाऊ, आधी दोन-चार वर्षं डीएम म्हणून बसा, मग शिकवा.”

आधी ‘भाऊ’चं बघू. आपली ओळख नाही. ठाण्यात रिक्षावाल्याला भाऊ म्हणतात, त्यात आपुलकी असते. तुमच्या ‘भाऊ’नंतरचा स्वल्पविराम वाचला की ती कुठे गेली ते कळतं.

दोन-चार वर्षं. बरं. मी २००९ पासून डीएम करतोय. नौपाड्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात सुरुवात झाली, नियमपुस्तकाच्या झेरॉक्सवर, आणि त्या झेरॉक्समधली जादूगाराच्या मंत्रांची मधली आठ पानं गायब होती. वीस बाजूंचा फासा तेव्हा आमच्याकडे नव्हता. घरातल्या हाऊजीच्या पिशवीतले १ ते २० नंबर वेगळे काढून डब्यात टाकायचे आणि डोळे मिटून एक उचलायचा. सतरा नंबरची कड तुटली होती, ती बोटांना कळायची, म्हणून एक वर्ष आमच्या गटात सगळे सतराच काढत होते. पुढे घोडबंदर रोडला राहायला गेलो. तिथल्या सोसायटीच्या हॉलमध्ये खेळायला बसलो तर सेक्रेटरींनी फासे पाहून जुगार चालतो म्हणून नोटीस लावली. मी तीन पानी अर्ज लिहून ‘हा कथाकथनाचा प्रकार आहे’ हे कमिटीला पटवलं. त्या मीटिंगमध्ये जे प्रश्न आले ना, त्यांच्यापुढे तुमची प्रतिक्रिया फार सौम्य आहे. एका काकांनी विचारलं होतं, “यात जिंकतं कोण?” त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

तर बसलोय. पुरेसा बसलोय. कंबर साक्षीला आहे.

आता १०,००० नाण्यांबद्दल. इथे तुमचं बरोबर आहे, मी मोकळेपणाने मान्य करतो. प्लेटचं अख्खं चिलखत १,५०० ला येतं, आणि पाचव्या लेव्हलच्या पात्राला तेवढेही जमवताना घाम फुटतो. एक शून्य जास्त पडलं. पण ‘विकत घ्यायची’ हा टोमणा मात्र परत घ्या. आपल्याकडे वतनाच्या भांडणात जो जिंकायचा त्याच्याकडून सरकार ‘हरकी’ घ्यायचं, हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’. दोघंही पैसे भरून घरी. म्हणून जिंकणाऱ्याने वतन विकत घेतलं असं गावात कुणी म्हणत नसे. राजाला पैसा लागतोच, आणि ते परीक्षेत दिसलं तर जग खरं वाटतं.

नवव्या लेव्हलचंही तसंच अर्धवट. १९७८ च्या नियमपुस्तकात फायटर नवव्या लेव्हलला लॉर्ड होतो, हे खरं. पण मुलूख हवा तर आधी गढी बांधायची, भोवतालचा टापू राक्षसांपासून मोकळा करायचा, मग कुठे रयतेकडून माणशी महिना सात चांदीची नाणी सुरू. ही परीक्षा नाही तर काय आहे? फक्त घेणारा राजा तिथे समोर बसलेला नाही, एवढंच.

मुख्य मुद्दा ‘उत्तर आधीच माहीत असतं’ हा. पहिल्या परीक्षेबद्दल तरी तुम्ही पोस्ट शेवटपर्यंत वाचलेली नाही, हे स्पष्ट आहे. खेळाडूला सांगितलं जातं की बुरुजावरच्या कैद्यावर रात्रभर पहारा कर. त्याला वाटतं की परीक्षा जागं राहण्याची. तो फासे टाकतो, डुलकी टाळतो, खूश होतो. दरम्यान खाली तबेल्यात एक मोतद्दार घोड्याला खरारा करत गाणं म्हणतोय आणि ते गाणं कैद्यासाठी आहे. परीक्षा ऐकण्याची. ही कल्पना मला कुठल्या इंग्रजी पुस्तकात मिळाली नाही. आपल्या ठाण्याच्या किल्ल्यातून, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथून, १८१६ साली इंग्रजांच्या कैदेतले त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी, निसटले, त्याची हकीकत अशीच सांगतात. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं, मोतद्दार खिडकीखाली गाण्यातून सुटकेचा बेत सांगत होता. पहारेकरी जागे असतीलही, उपयोग काय? माझ्या टेबलावर आजवर चार जणांनी ही परीक्षा दिली. एकीनेच विचारलं, “गाण्याचे शब्द काय आहेत?” बाकी तिघांनी गाणं म्हणजे वातावरणनिर्मिती समजून सोडून दिलं. सांगा, कुणाला माहीत होतं उत्तर?

आणि समजा, माहीत आहे. मग? पेशवाईत वतनाचा वाद महजराने (गावसभेच्या लेखी निवाड्याने), साक्षीपुराव्याने मिटला नाही तर दिव्य करायचे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने बाहेर काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर, आणि काही दिवसांनी उघडून पाहायचं की भाजलाय का. तिथे ‘उत्तर’ सगळ्या गावाला माहीत होतं. हात घाल, रवा काढ. कोडं वगैरे काही नव्हतं. तरी कितीतरी जण कढईपाशी येऊन मागे फिरत असणार. ठाऊक असणं वेगळं आणि कढई समोर असणं वेगळं. माझी तिसरी परीक्षा ही ती कढई आहे.

(पुढे पेशव्यांचे मोठे सरदार झालेल्या राणोजी शिंद्यांची आख्यायिका तुम्ही माझ्यावर उलटवाल हे मला दिसतंय. बाजीराव बाहेर आले तर हे झोपलेले, पण धन्याचे जोडे छातीशी घट्ट धरलेले, आणि तिथून नशीब उघडलं. तिथे परीक्षा आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून ती खरी. ठीक आहे. पण खेळात झोपलेल्या पात्राची परीक्षा घेतली तर खेळाडू माझ्या अंगावर धावून येईल.)

निवाड्याची परीक्षा अशी असते. उमेदवाराला एका दिवसापुरतं एक गाव मिळतं. कोठारातलं धान्य चोरीला गेलंय, गाव न्याय मागतंय. चोरी केलीय त्याच्याच पार्टीतल्या, म्हणजे सोबतच्या पात्रांच्या टोळीतल्या, चोराने, आणि खेळाडूला ते माहीत आहे, कारण मागच्या सेशनला त्यानेच कंदील धरला होता. उत्तर? शाळकरी पोरगंही सांगेल. पण तो चोर दीड वर्षं खेळवणारा मित्र समोर बसलाय, त्याच्याच वाटीतला चिवडा उमेदवार खातोय. आमच्या गटात गेल्या पावसाळ्यात हे झालं. उमेदवार वीस मिनिटं गप्प बसला. खरोखर वीस. मग म्हणाला, “हद्दपार.” मी पंधरा वर्षांत इतकी शांतता ऐकली नव्हती. चोराच्या खेळाडूने कॅरेक्टर शीटची, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाची, घडी केली, खिशात ठेवली आणि चहा करतो म्हणून आत गेला. चहा फार उशिरा आला. त्यालाच तर म्हणतात परिणाम! तुम्ही याला नाटक म्हणता. म्हणा, पण असं नाटक तुमच्या वाशीत कधी झालंय का?

राहिला बाकीचे चौघे काय करणार हा प्रश्न. बघणार. माणसं क्रिकेट बघतात, तिथे अकरा जणांपैकी दोघंच बॅटिंग करत असतात, कुणी तक्रार करत नाही. त्या दिवशीसुद्धा दोघं बराच वेळ गॅलरीत उभे होते, पण ते ताणामुळे. तिसरी फोन बघत होती, तिच्या ऑफिसचं काही अर्जंट होतं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पोस्टमध्ये १०,००० चे १,००० केले आहेत, दुरुस्तीची तारीखही टाकली आहे. तुमचं नाव टाकलं नाही, कारण तुम्हीही टाकलं नव्हतं. ट्रान्सहार्बर लोकलने वाशीहून ठाणं फार लांब नाही. रविवारी दुपारी चारला आमचा खेळ असतो, एकदा येऊन बसा आणि मग सांगा. जागा आहे. चोर खेळणाऱ्याची शिफ्ट पावसाळ्यापासून बदललीय, त्यामुळे एक खुर्ची रिकामीच असते.