आंग्र्यांचा खजिना वाळूत नाही: नाशकात फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

पाऊस ओसरला की नाशकातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा वर येतो. मजकूर थोडाफार बदलतो, दावे तेच असतात. कान्होजी आंग्रे आणि फिरंगी चाच्यांनी समुद्रावर लुटलेलं सोनं कोकण किनाऱ्यावर पुरलं. ते आजही तिथंच आहे. मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधणारं मशीन, तीन मीटर खोलवरचं सोनं दाखवतं. किनारा कुणाच्या मालकीचा नाही आणि शंभर वर्षांपूर्वीचं धन सापडेल त्याचं. खाली फुली मारलेला एक नकाशा आणि काही गूढ चिन्हं. हे वाचून मित्रमंडळी वर्गणी काढून मशीन घेतात आणि शनिवारी रात्री गाडी काढून कसाऱ्याकडे निघतात. म्हणून एकेक दावा तपासू.

"आंग्र्यांनी लूट किनाऱ्यावर पुरली"

कान्होजी आंग्रे चाचे नव्हतेच. हा शिक्का मुंबईच्या इंग्रजांनी मारला, कारण आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय व्यापारी गलबत या पाण्यातून जाऊ नये, ही अट त्यांना मान्य नव्हती. पोर्तुगीज हेच काम 'कार्ताझ' देऊन करत होते, त्यांना मात्र कुणी चाचे म्हटलं नाही. कान्होजी शाहू महाराजांचे सरखेल होते, म्हणजे राज्याच्या आरमाराचे प्रमुख. असं आरमार पैसा पुरून ठेवत नाही, खर्च करतं. गुराबा आणि गलबतं बांधायची, सागवान आणायचं, शिडाचं कापड, दोर, दारूगोळा, खलाशांचे पगार, किल्ल्यांची डागडुजी. जो उरेल तो किल्ल्यात, पहाऱ्यात.

किल्ल्यातल्या त्या पैशाचं काय झालं हेही माहीत आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतला. आत मिळालेला ऐवज सुमारे १० लाख रुपयांचा होता. इंग्रजांनी तो आपसांत वाटून घेतला, मोहिमेत सोबत असलेल्या पेशव्यांच्या फौजेला त्यातलं काही दिलं नाही.

'पुरला' हा शब्द किती सहज वापरला जातो, ते आकड्यांत बघा. त्या काळचा चांदीचा रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. १० लाख रुपये नाण्यांत धरले तर वजन होतं साडेअकरा टन. एका बैलावर १०० किलो लादले तरी ११५ बैल लागतील. एवढा तांडा पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर नेऊन, खड्डे खणून, गावातल्या एकाही माणसाला कळू न देता परत आणणं कुणाला जमणार?

"फिरंगी चाच्यांचं सोनं कोकणात राहिलं"

सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेकडे परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज लुटलं. लूट प्रचंड होती. पण टोळी कोकणात थांबलीच नाही. आधी आजचं रियुनियन बेट आणि मग १६९६ मध्ये थेट बहामा बेटं. वाटे पडले, माणसं पांगली. २०१४ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका फळबागेत १६९३ सालचं येमेनी नाणं मिळालं. ते एव्हरीच्या लुटीतलं असावं असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे माग लागतो तो अटलांटिकपलीकडे.

कॅप्टन किडने मात्र खरंच काही माल पुरला होता. चाच्याने खजिना पुरल्याची पक्की नोंद असलेली अशी उदाहरणं फारच थोडी आहेत, त्यातलं हे सर्वांत ठळक. जागा होती १६९९ सालचं न्यूयॉर्कजवळचं गार्डिनर्स बेट. काही आठवड्यांत गव्हर्नरने तो माल उकरून काढला आणि पुरावा म्हणून लंडनला धाडला. १७०१ मध्ये किड फासावर गेला.

गोव्याचं नाव घेऊन तिसरी कथा सांगितली जाते. 'ला ब्यूज' म्हणून ओळखला जाणारा फ्रेंच चाचा लव्हास्यर याने १७२१ मध्ये एक पोर्तुगीज जहाज लुटलं. गोव्याचा मावळता व्हाइसरॉय त्यात होता हे खरं. पण वादळाने डोलकाठ्या गमावलेलं ते जहाज त्या वेळी रियुनियन बेटाच्या बंदरात उभं होतं, गोव्यापासून ४,००० किलोमीटरहून जास्त दूर.

संदेशातली गूढ चिन्हं याच ला ब्यूजच्या नावावर खपवतात. त्याला १७३० मध्ये फाशी झाली आणि ती चिन्हं पहिल्यांदा छापली गेली १९३४ मध्ये. मधल्या २०४ वर्षांत त्यांचा ठावठिकाणा नाही. फुलीच्या नकाशाबद्दल जास्त लिहायची गरज नाही. ती फुली एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी साहसकथांमधून आली आहे.

"मशीन तीन मीटरपर्यंत सोनं दाखवतं"

सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो, म्हणून इथे सावकाश वाचा.

मेटल डिटेक्टरची तबकडी म्हणजे तारेचं वेटोळं. ते चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्यामुळे धातूत प्रवाह निर्माण होतो आणि त्याचं क्षीण उत्तर परत येतं. नाण्यासारख्या लहान वस्तूचं हे उत्तर अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतं. अंतर दुप्पट झालं की संकेत चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यामुळे दहा-अकरा इंची तबकडी सुट्या नाण्याला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत ओळखते. पत्र्याच्या पेटीएवढी मोठी वस्तू मीटर-दीड मीटरवरून जाणवू शकते, पण ती 'धातू आहे' एवढंच कळतं. सोनं की गंजकं पिंप, ते कळत नाही.

विकणारा जे प्रात्यक्षिक दाखवतो, त्यात नाणं कोरड्या वाळूवर ठेवलेलं असतं. खरी परीक्षा घरच्या वावरात घ्या. पाच रुपयांची चार नाणी १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरवर पुरा, खड्डे नीट दाबून बुजवा आणि मशीन फिरवा. नाशिकची काळी माती काळ्या पाषाणाची, लोहयुक्त. तिथे तिसरं नाणंच बहुधा हुकेल, चौथ्याची आशाच नको.

कोकणात अडचणी आणखी. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं स्वस्त मशीन भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सतत किंचाळतं. जांभ्यात लोह भरपूर आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे थर आहेत. तिथे पल्स इंडक्शन (चुंबकीय क्षेत्राचे तुटक ठोके देणारं) किंवा अनेक फ्रीक्वेन्सींचं मशीन लागतं, आणि ग्राउंड बॅलन्सही, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत मशीनकडून वगळून घेणं, वारंवार करावा लागतो: धातू नसलेली जागा शोधायची, तबकडी जमिनीपासून ३ ते २० सेंटिमीटरच्या दरम्यान वर-खाली करायची, आवाज स्थिर झाला की थांबायचं. कोरड्या वाळूतून ओलीत पाय पडला की पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून हाती काय लागतं? बाटल्यांची बुचं, होड्यांचे खिळे, जाळ्यांची शिशाची वजनं, चांदीच्या वर्खासारखी चुरगळलेली फॉइल, पर्यटकांच्या खिशातून पडलेली सुटी नाणी. फॉइल गाळायला मशीनला सांगितलं तर बारीक सोन्याची अंगठीही गळते, कारण दोघींचा संकेत जवळजवळ सारखाच येतो.

'लाँग रेंज लोकेटर' नावाने विकली जाणारी, पुढे अँटेना असलेली कांडी तर सरळ फसवणूक आहे. सोनं कसलीही लहर बाहेर सोडत नाही, मग ती पकडणार काय? गोल्फचे चेंडू शोधण्याच्या असल्याच खेळण्यावरून बनवलेली कांडी एका ब्रिटिश विक्रेत्याने बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

"वाळूच तर आहे, खणायला किती वेळ"

कोरडी वाळू साधारण ३४ अंशांच्या उतारालाच थांबते. दीड मीटर खोल जायचं तर वरचं तोंड साडेचार मीटर रुंद होतं आणि सुमारे पावणेआठ घनमीटर, म्हणजे बारा टनांहून जास्त वाळू उपसावी लागते. ओल्या वाळूचे काठ थोडा वेळ उभे राहतात आणि मग एकदम कोसळतात. कमरेएवढ्या खड्ड्यात वाकलेला माणूस त्याखाली गाडला गेला तर छातीवरचा दाब श्वास घेऊ देत नाही, आणि सोबती जितकी वाळू काढतील तितकी बाजूने पुन्हा आत येते. असे मृत्यू जगभर झाले आहेत. गुडघ्यापेक्षा खोल खणू नका.

शिवाय पुळण एका जागी राहत नाही. पावसाळ्यातल्या लाटा वाळू आत ओढून नेतात, थंडीत समुद्र ती परत आणतो. ३०० वर्षांपूर्वीची पुळण आणि आजची पुळण एक नव्हे.

"सापडेल त्याचं"

१८७८ चा भारतीय निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी कळवणं बंधनकारक आहे. काय सापडलं आणि अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला, हे सगळं त्यात हवं. ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा त्याबद्दल तारण द्यायचं. मग जाहीर सूचना निघते आणि चार ते सहा महिन्यांनंतरची चौकशीची तारीख लागते. धन बेवारस ठरलं आणि जागामालक पुढे आला, तर आपसांत वेगळं ठरलं नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेलं मालकाला. सरकार धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश जास्त देऊन ते ताब्यातही घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संदेशात सांगितलेली शंभर वर्षांची सूट या कायद्यात कुठेही नाही.

किनारा बेवारस नाही, भरती-ओहोटीतली जमीन सरकारची आहे. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही केंद्र संरक्षित स्मारकं. तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये हे तिन्ही आहेत आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही. आणि 'जागा दाखवतो' म्हणत कोंबडं-लिंबू किंवा त्याहून भयंकर काही मागणारा भेटला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लक्षात ठेवा: गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केल्यास ६ महिने ते ७ वर्षं कैद.

"मग खजिने काय खोटेच?"

खजिने खरे असतात. आपल्याच जिल्ह्यात गोदाकाठच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीची १३,००० हून जास्त नाणी मिळाली. दोनेक ग्रॅमचं एकेक, म्हणजे सगळी मिळून २६-२७ किलो. ती क्षत्रप राजा नहपानाची होती आणि दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नीट बघितलं तर नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा चैत्य (कमानींचं चिन्ह) उमटलेला दिसतो. पांडवलेण्यांतला, सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख, त्याने क्षहरात, म्हणजे नहपानाचा वंश बुडवला असं सांगतो. ही नाणी त्याचाच चांदीतला पुरावा. एखाद्या सोनाराने ती वितळवली असती तर हाती २६ किलो चांदी उरली असती, आणि ही साक्ष गेली असती.

नाशकात जुना वाडा पाडताना, विहिरीचं काम करताना किंवा नांगरटीत असं काही वर आलं, तर काम तिथेच थांबवा. भांडं हलवण्याआधी शेजारी पट्टी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा आणि खोली मोजा. नाणी चिंचेने, लिंबाने किंवा पितांबरीने घासू नका, त्याने अक्षरं जातात. मातीसकट कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. लेखी सूचनेच्या दोन प्रती करा, सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेऊनच परत या.