जहाज वर आल्यानंतरचे काम

समुद्री पुरातत्त्वाच्या अभिरक्षकांवर, म्हणजे बुडालेल्या जहाजांचे अवशेष जतन करणाऱ्यांवर, एक लेख नुकताच वाचला; त्यात त्यांचे काम जहाज पाण्याबाहेर काढण्यापाशी संपल्यासारखे वाटते. खरे तर ते तिथून सुरू होते. १६२८ मध्ये बुडालेले ‘वासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये वर आले, तेव्हा त्याचे ओक लाकूड तसेच वाळू दिले असते तर ते आकसून तडकले असते, म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा (लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या रसायनाचा) फवारा तब्बल १७ वर्षे मारावा लागला. एवढे करूनही २००० साली लाकडावर पांढरी-पिवळी पुटे दिसली, कारण आत मुरलेल्या गंधकाचे, गंजलेल्या लोखंडाच्या सान्निध्यात, सल्फ्युरिक आम्ल तयार होत होते. असे जहाज ठेवलेल्या दालनातील आर्द्रतेवर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या या माणसांविषयी (मला त्यांचा मनापासून आदर वाटतो) लेखात चार ओळी तरी हव्या होत्या.