सत्तर टक्के धंद्यावर पाणी सोडणारा लोहार

इव्हॉन शुईनार यांचं नाव निघालं की लोक २०२२ चीच गोष्ट सांगतात. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीची मालकी त्यांनी पर्यावरणासाठी देऊन टाकली, ती. मोठीच गोष्ट आहे. पण आम्हा सुळके चढणाऱ्यांसाठी त्यांचा खरा निर्णय त्याच्या पन्नास वर्षं आधीचा. त्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून लिहितोय.

हा माणूस मुळात गिर्यारोहक. १९५७ मध्ये भंगारातून कोळशाची भट्टी आणि ऐरण आणून लोहारकाम स्वतःच शिकला. पहिले पिटॉन (दोर अडकवण्यासाठी कातळाच्या फटीत ठोकायच्या खुंट्या) घडवले ते कापणी यंत्राच्या जुन्या पात्यातून. युरोपातले पिटॉन मऊ लोखंडाचे. एकदा ठोकले की तिथेच सोडायचे. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत एकेका कातळभिंतीवर दिवसच्या दिवस जातात, तिथे इतके पिटॉन वाहणार कोण? शुईनारचा पोलादी पिटॉन काढून पुन्हा वापरता येई. तासाला दोन बनत, किंमत दीड डॉलर. गाडीच्या डिकीतून विकता विकता १९७० पर्यंत त्यांची कंपनी चढाईच्या साहित्यात अमेरिकेत सर्वांत मोठी झाली.

आणि तोच पिटॉन कातळाच्या मुळावर आला. त्याच फटीत पुन्हा पुन्हा ठोकायचा, पुन्हा पुन्हा उपटायचा. योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कातळभिंतीवरच्या 'नोज' मार्गाची झालेली दुर्दशा त्यांनी स्वतः चढताना पाहिली. धंद्यातला ७० टक्के वाटा पिटॉनचा होता, तरी त्यांनी आणि भागीदार टॉम फ्रॉस्ट यांनी तो आवरायचं ठरवलं. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये पिटॉनने कातळाचं काय होतं ते छापलं, डग रॉबिन्सन यांचा १४ पानी लेख दिला, आणि फटीत हाताने अडकवायचे, हातानेच काढायचे ॲल्युमिनियमचे चोक, म्हणजे पाचरी, विकायला ठेवले. काही महिन्यांत पिटॉनचा खप घसरला आणि चोक पुरे पडेनात.

आपल्याच मालाविरुद्ध आपल्याच कॅटलॉगमध्ये लिहायचं! मला याहून धाडसाची चढाई माहीत नाही.

(ही चढाईच्या साहित्याची कंपनी, पॅटागोनिया नव्हे, १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिथल्याच लोकांनी ती घेतली, तीच आजची ब्लॅक डायमंड.)

सह्याद्रीचा बसाल्ट वेगळा, हे मान्य. कित्येक ठिकाणी फटच नसते, बोल्टशिवाय (कातळात भोक पाडून कायमचा बसवलेला खिळा) जीव सुरक्षित राहत नाही. तिथे बोल्ट मारावाच. पण गेल्या हिवाळ्यात एका सुळक्यावर चांगली खोल फट दिसली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर ओळीने तीन बोल्ट. फार वाईट वाटलं. आम्ही फटीत चोक बसवला, दोनदा जोरात ओढून पाहिला. घट्ट बसला होता. तसेच वर गेलो, आणि शेवटच्या माणसाने तो काढून आणला.