विनंती उपरी

परवाच्या रविवारी २७ माणसांसमोर माझी जमीन मोजली गेली. शून्य गुंठे भरली.

घडलं मोडी लिपीच्या वर्गात. सदाशिव पेठ, लाकडी जिना, सकाळी दहा. उशिरा आलेल्याला सर आधी फळा पुसायला लावतात, म्हणून मी साडेनऊलाच जाऊन शेवटचा बाक धरते. बोरूऐवजी जेल पेन नेल्याबद्दल पहिल्याच दिवशी ऐकून घेतलंय. मग शिरोरेघेवरून. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. मी सवयीने एकेका शब्दाला टोपी घालत बसले. सर म्हणाले, "देवनागरी बाहेर चपलांपाशी काढून यायची." सगळे हसले. मीही हसले. करणार काय!

खरं तर ही लिपी माझ्यासाठीच असायला हवी होती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही! शाळेत वेलांट्यांपायी माझे जेवढे मार्क कापले गेले, तेवढ्यात आणखी एक मुलगी पास झाली असती. शब्द सुटे लिहायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. म्हणजे चुकायला जागाच नाही, अशी माझी भाबडी समजूत.

शेजारी काका बसतात. सासवडकडचे, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त. साडीच्या दुकानाच्या पिशवीत पणजोबांचे कागद, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेले. चुलतभावाशी विहिरीवरून भांडण चालू आहे, त्यामुळे काकांना मोडीतला एकच शब्द येतो: विहीर. सरांनी पानिपतच्या स्वारीतलं पत्र वाटलं तरी काका तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणतात, "ही बघा विहीर." सर त्यांना मात्र काही बोलत नाहीत.

तर परवा वाचायची पाळी माझी. मायना नेहमीचाच: विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. मी घाबरून 'विनंती'पाशी दम घेतला आणि पुढे वाचलं, "उपरी येथील कुशल."

"विनंती उपरी! विनंतीनंतर!" सर कडाडले. "सुटं 'उपरी' म्हणजे काय होईल?"

मी गप्प. काकांना मात्र जोर चढला. "वतन नसलेलं कूळ हो. मिरासदार गावचा, उपरी बाहेरचा." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमचे कागद कुठले?"

"नाहीत."

"माहेरचे?"

"नाहीत."

"बरं, सासरचे?"

"तिकडेही नाहीत."

"राहतं घर?"

"भाड्याचं."

"मग मोडी कशाला?"

अख्खा वर्ग मागे वळला. सरांनी खडू खाली ठेवला. "हं, सांगा की. कशाला?"

"आवड," मी पुटपुटले. कुणालाच ऐकू गेलं नाही. काकांनी थांब्याचं नाव पुकारावं तसं पुकारलं, "आवड! आवड आहे त्यांना!"

आवड म्हणजे काहीतरी अंगावर उठतं, असं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फी मीही तेवढीच भरलीय. पुण्यात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडून आहेत, वाचणारी माणसं नाहीत, म्हणून एरवी हळहळायचं, आणि कुणी वाचायला आलं की त्याचा सातबारा मागायचा. शंका शेवटी विचारा म्हणतात. शेवट येतच नाही; बारा वाजतात आणि सर छत्री उचलतात.

वर्ग सुटल्यावर चहाच्या टपरीवर काकांनी एक झेरॉक्स माझ्या हातात कोंबली. "तुमच्यामागं कोर्ट नाही, कचेरी नाही. निवांत वाचा."

रात्री दीडपर्यंत वाचली. काकांनी जिथे लाल पेनने गोल केलाय तिथे विहीर नाहीच. 'वहीवर' आहे. कुणीतरी कुणाचे तरी रुपये वहीवर घेतलेत. चार वेळा तपासलं.

आता हे काकांना सांगायचं कसं? कानात सांगितलं, तरी ते पुकारणारच.